न चाखणारा बापट

आमच्या घरी भाजी-आमटीत मीठ घालायला मला कोणी सांगत नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायको म्हणाली होती, अहो, मी पाणी भरतेय, तेवढं आमटीत मीठ टाका. मी मिठाची बरणी हातात धरून इतका वेळ उभा राहिलो की शेवटी तिनेच येऊन ती काढून घेतली. नवऱ्याला स्वयंपाकघराची सवय नाही असं तिला वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं. खरं कारण नरहर बापट. आता मी जे लिहिणार आहे त्यात त्याचं कौतुक पुष्कळ येईल, म्हणून आधीच सांगून टाकतो. जर्मनीत कार्ल्सरूहेला तो माझ्या शेजारच्या खोलीत अडीच वर्षं राहिला, आणि त्यातली निदान दीड वर्षं मी त्याच्यावर जळत होतो.

मी पंचावन्न साली तिथल्या टेक्निकल हॉखशूलमध्ये, म्हणजे तंत्रविद्यापीठात, डॉक्टरेटसाठी गेलो. राहायला खोली मिळाली ती फ्राऊ लिंडनर यांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या खिडकीसमोर बाँबमध्ये अर्धं पडलेलं एक घर होतं आणि त्याच्या उरलेल्या भिंतीवर कुणाच्या तरी न्हाणीघराच्या पांढऱ्या फरशा दिसायच्या. फ्राऊ लिंडनर मूळच्या जर्मन नव्हेत. त्या बेल्जियममधल्या गेंटच्या, फ्लेमिश. युद्धात त्यांचे यजमान हेर लिंडनर तिथे जर्मन सैन्यात होते. तिथे दोघांचं जमलं, आणि ज्या सैन्याने गाव ताब्यात घेतलं होतं त्यातल्याच एकाबरोबर बहीण निघून गेली म्हणून सख्ख्या भावाने तिचं नाव टाकलं. पुढे आई वारली, तेही त्यांना सहा महिन्यांनी परक्याकडून कळलं. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, माझ्या पहिल्या हिवाळ्यात, माझ्या गळ्याभोवती मफलर गुंडाळता गुंडाळता. मला त्या 'माइन युंगे' म्हणायच्या, म्हणजे माझ्या पोरा. माझी आई मी नऊ वर्षांचा असताना गेली. त्यानंतर माझ्या गळ्याशी कोणी काही गुंडाळलं नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ एक खुर्ची होती, ती हळूहळू माझी झाली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्या घरी स्टोफव्लेस शिजायचं. हा त्यांच्या गावचा रस्सा. गोमांसाच्या मोठ्या फोडी लोण्यात तांबूस परतायच्या, मग ढीगभर कांदा, तमालपत्र, ओव्याच्या जवळपास वास असलेली एक वाळकी काडी, आणि पाण्याऐवजी काळी बिअर. वर पावाच्या दोन जाड कापा मोहरीची पिवळी चटणी फासून, फासलेली बाजू खाली करून पांघरायच्या. त्या विरघळल्या की रस्सा दाट होतो. शेवटी थोडी तपकिरी साखर, थोडा व्हिनेगर. तीन-साडेतीन तास मंद आचेवर हे चालायचं आणि सबंध जिना त्या वासाने भरून जायचा. ढवळायला त्यांच्या आईचा एक लाकडी चमचा होता. त्याची एक कड झिजून तिरपी झाली होती. तो चमचा फ्राऊ लिंडनर धुवायलासुद्धा दुसऱ्याच्या हातात देत नसत, नवऱ्याच्याही नाही.

मी सहा महिन्यांत गोमांस खायला लागलो आणि पुण्याच्या मित्रांना ते पत्रातून मोठ्या फुशारकीने कळवलं. खरं तर मला त्याची चव फारशी आवडायची नाही. त्या टेबलाशी घरच्यासारखं बसायला मिळतं म्हणून मी काहीही खाल्लं असतं.

सत्तावन्नमध्ये थंडी सुरू होता होता बापट आला. मिरजेचा, बुटका, मोठ्या कानांचा, डोक्याला तेल लावून चापून भांग पाडणारा. वडील आचारी. लग्नामुंजीच्या पंगती करायचे आणि एका देवळातला रोजचा नैवेद्य त्यांच्याकडे होता. पोरगा हुशार निघाला, शिष्यवृत्त्या मिळवत रसायनशास्त्र शिकला आणि जर्मनीपर्यंत आला. माझ्या शेजारची खोली रिकामी होती. मराठी माणूस म्हणून मीच ती त्याला मिळवून दिली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

मी दोन वर्षं 'फ्राऊ लिंडनर, बिट्टे' आणि 'फ्राऊ लिंडनर, डांकं', म्हणजे कृपया आणि धन्यवाद, करत होतो. बापट दुसऱ्या आठवड्यात त्यांना सरळ 'काकू' म्हणायला लागला. त्यांनी अर्थ विचारला तेव्हा म्हणाला, वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. बाईंनी बोटांवर नातं मोजून बघितलं आणि त्या दिवसापासून काकू म्हटल्याशिवाय त्याच्याकडे वळून बघेनात. इतकी साधी गोष्ट मला का सुचली नाही, यावर मी एक सबंध रात्र घालवली.

आल्यानंतरच्या पहिल्याच स्टोफव्लेसच्या रविवारी तो स्वयंपाकघरात डोकावला. काकू कांदे चिरत होत्या आणि मी माझ्या खुर्चीवर डोळे पुसत बसलो होतो. बापटने मोठी सुरी मागून घेतली, टेबलाचा खण किंचित उघडून तिची मूठ त्यात अडकवली, खण गुडघ्याने दाबून धरला आणि उभ्या पात्यावर विळीसारखा कांदा चिरायला लागला. काकू आधी किंचाळल्याच. मग हात कमरेवर ठेवून बघत राहिल्या. दीड किलो कांदा, कागदासारखा, सगळा एका जाडीचा. डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही. मी खोचकपणे विचारलं की तुमच्या पंगतीला कांदा कधीपासून चालायला लागला. तो म्हणाला, "चालत नाही की. पण दोन मण बटाटा चिरलेल्या हाताला कांदा काय सांगायचा?"

मग मांस आलं. मी वाटच बघत होतो. हे गाईचं आहे बरं का, असं मी त्याला मराठीत, अगदी चवीने सांगितलं. तो एक क्षण थांबला, पातेल्याकडे बघितलं, काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि कांदा पातेल्यात लोटून साध्या चमच्याने ढवळायला पुढे झाला. संध्याकाळी तो नळाखाली कोपरापर्यंत हात धूत असताना मी त्याला म्हटलं, काय बापट, सोवळं सुटलं वाटतं. तो शांतपणे म्हणाला, "हात धुता येतात रे. जीभ धुता येत नाही."

हे त्याचं सगळं तत्त्वज्ञान. शिजवायचं काहीही, कुणासाठीही, जीव ओतून. खायचं मात्र आपलं आपण. तो बटाटे, दही, लोणी आणि पाव यांवर राहायचा, पण त्याचा गाजावाजा कधी करायचा नाही. टेबलावर आमच्या ताटांत रस्सा आणि त्याच्या ताटात उकडलेले बटाटे, असं सहज चालायचं.

अठ्ठावन्नच्या गणेश चतुर्थीला त्याने खोलीत सुपारी मांडली. बेकरीवाल्यांसाठी मिळणारं सुकं खोबरं आणून त्याचे तळणीचे मोदक केले, वरण केलं, बटाट्याची भाजी केली. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं की हा एकदाही चाखून का बघत नाही. बापटने सांगितलं की देवाच्या आधी आपण जेवायचं नसतं, म्हणून नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. लहानपणी बोट चाटलं की वडील उलथन्याने त्याच बोटावर मारायचे. मग मिठाचं कसं कळतं, असं काकूंनी विचारलं. तो म्हणाला, "ऐकायचं. मीठ पडलं की उकळी जड होते."

मी मोठ्याने हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांनी वरणाच्या पातेल्याला कान लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चुलीवर दोन भांड्यांत पाणी उकळत ठेवलं, एकात मीठ टाकलं, आणि बापटला डोळे मिटून उभं केलं. त्याने मान तिरकी करून दोन्ही ऐकली आणि डावीकडच्या भांड्याकडे बोट दाखवलं. बरोबर निघालं. मी म्हटलं, दोनच तर भांडी, कुणीही सांगेल. काकूंनी पुन्हा केलं, तीन भांड्यांत केलं. तो चुकला नाही. हॉखशूलमध्येसुद्धा त्याची अशीच ख्याती झाली होती. तळहातावर पूड घेऊन तो तिचं वजन सांगायचा आणि त्याचे प्रोफेसर उगाचच काट्यावर टाकून खात्री करून घ्यायचे. मला हे सगळं जादूगाराच्या खेळासारखं वाटायचं, आणि प्रत्येक खेळाला माझ्या पोटात दुखायचं.

हळूहळू रविवारचा रस्सा त्याच्याकडे गेला. आधी कांदा, मग परतणं, मग आच. आंबट-गोड त्याला शिकवावं लागलं नाही, ते त्याच्या हातात आमटीच्या चिंच-गुळातून आलेलं होतं. चाखायचं काम काकूंचं, आणि त्या नसतील तेव्हा माझं. तो चमच्यात थोडा रस्सा घेऊन फुंकर घालून माझ्यापुढे धरायचा आणि म्हणायचा, "मध्या, चाख." मी 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, म्हटलं की झाकण पडायचं. एकदा मी विचारलं, माझ्यावर एवढा विश्वास कसा. तो म्हणाला, "तू म्हणालास म्हणजे झालं की." मला तेव्हा ते आवडायला हवं होतं. मला वाटलं, याने मला आपला चमचा करून ठेवलंय.

त्या हिवाळ्यात एकदा मी उशिरा घरी आलो तर चुलीजवळच्या माझ्या खुर्चीवर तो बसला होता आणि काकू त्याच्या मोज्याला रफू करत होत्या. तो मला बघून चटकन उठला. काकू म्हणाल्या, बस रे, तो दुसरी घेईल. मी दुसरी घेतली. ती दाराजवळ होती.

एकोणसाठच्या फेब्रुवारीत जिन्याबाहेरच्या बर्फावरून काकू घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये. आणि नेमकं तेव्हाच गेंटहून पत्र आलं. भावाचं, चौदा वर्षांनी. त्याची तिकडे बेकरी होती. जर्मनीत यंत्रं बघायला येतोय, मार्चमधल्या एका रविवारी दुपारी जेवायला येईन, संध्याकाळच्या गाडीने निघेन, एवढाच मजकूर. काकूंनी ते पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि टेबलावर डोकं ठेवून रडल्या. हे मी बघितलेलं नाही. मला बापटने सांगितलं. पत्र आलं तेव्हा घरात तो होता, त्याला त्यांनी आधी सांगितलं, आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

काय करायचं हा प्रश्नच नव्हता. आईच्या हातचं स्टोफव्लेस. भाऊ त्यावर वाढलेला होता. हेर लिंडनर ट्रामवर कंडक्टर होते, अबोल माणूस. ते त्या आठवड्यात दोनदा म्हणाले की मी त्या दिवशी ड्यूटी घेतो, मी नसलो तर बरं पडेल. काकू म्हणाल्या, तुम्ही असणार आणि त्याच टेबलावर असणार. एक जेवण नीट पार पडलं तर पुढचं काही होईल, नाहीतर संपलं, हे घरात सगळ्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. ते मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आदल्या संध्याकाळी काकूंनी आम्हाला दोघांना बोलावलं. डाव्या हाताने खणातून तो झिजलेल्या कडेचा चमचा काढला आणि बापटच्या हातात दिला. उद्या तू माझा हात, असं काहीतरी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं, तू टेबल मांडशील ना? आणि कोळसा वर आणशील." मी 'हो, नक्की' म्हटलं. मी साडेतीन वर्षं त्या घरात होतो.

रविवारी बापट सात वाजता आंघोळ करून चुलीपाशी उभा राहिला. साडेदहाला काकूंनी चाखून बघितलं, डोळे मिटून, बराच वेळ. मग डाव्या हाताने त्याच्या गालावर थोपटलं. साडेअकराला त्या आणि हेर लिंडनर भावाला आणायला स्टेशनवर गेले. काकूंनी जाताना आरशासमोर तीनदा टोपी बदलली. बापट मला म्हणाला, मी तळघरातून बटाटे आणतो, तेवढं बघ. आणि टोपली घेऊन खाली गेला.

हात आपोआप गेला, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. तसं नाही. मी आधी दाराशी जाऊन त्याची पावलं दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरलेली ऐकली. मग मिठाच्या निळ्या-पांढऱ्या बरणीचं लाकडी झाकण काढलं, मूठभर मीठ घेतलं, आणि पातेल्यात सोडलं. मग आणखी अर्धी मूठ. तो चमचा उचलून ढवळलं. काकूंच्या आईचा तो चमचा मी त्या घरात पहिल्यांदा हातात घेतला तो त्या दिवशी, या कामासाठी. मला काय हवं होतं? बापट चुकतो, एवढं काकूंना दिसायला हवं होतं. भाऊ, आई, चौदा वर्षं, यांतलं काहीही त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं. माझ्या मनात ती खुर्ची होती.

बापट वर आला, टोपली खाली ठेवली आणि जागीच थांबला. मान तिरकी केली.

"उकळी जड वाटते रे," तो म्हणाला.

मी म्हटलं, तुला भास होतोय, सकाळपासून उभा आहेस. तो पातेल्यापाशी आला, पुन्हा ऐकलं, चमच्यात थोडा रस्सा घेतला, फुंकर घातली आणि माझ्यापुढे धरला. "मध्या, चाख."

मी चाखलं. जीभ पोळावी इतकं खारट होतं. मी गिळलं आणि म्हटलं, "उत्तम."

"नीट बघ."

"उत्तम आहे, बापट. काकूंनी मघाशीच सांगितलं ना."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग मिठाच्या बरणीकडे. तिचं झाकण मी टेबलावरच विसरलो होतो. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. बाराला दहा कमी होते. त्याने चमचा पुन्हा पातेल्यात बुडवला. तो काय करणार आहे हे मला कळलं. थांब, खारट आहे, एवढं मी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं नाही. त्याने फुंकर घातली आणि चमचा स्वतःच्या तोंडात घातला.

त्याने थुंकलं नाही. चेहऱ्यावर काहीही आलं नाही. गिळून झाल्यावर तो म्हणाला, "मैदा काढ. आणि बटाटे सोल."

मग पाऊण तास त्याने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. निम्मा रस्सा काढून ठेवला. उरलेली बिअर आणि गरम पाणी घातलं. मैद्याचे घट्ट गोळे मळून पातेल्यात सोडले. पंगतीत आमटी खारट झाली की वडील कणकेचे सोडायचे म्हणे. कच्च्या बटाट्याच्या फोडी सोडल्या, थोड्या वेळाने गोळे आणि फोडी दोन्ही काढून टाकल्या. आणखी कांदा लोण्यात लाल करून घातला. मोहरी फासलेला पाव पुन्हा वर पांघरला. साखर, व्हिनेगर. आणि प्रत्येक वेळी चाखलं. पहिल्यांदा चाखलं ते खात्री करायला. पुढे चार वेळा चाखलं ते माझं पाप निस्तरायला. त्यात एकदाही त्याने चमचा माझ्यापुढे केला नाही. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसून बटाटे सोलत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि कांद्याचं नाव सांगायची सोय होती.

भाऊ आला. उंच, जाड भुवयांचा, हाताच्या बोटांवर भट्टीचे जुने डाग. कोट काढायला तयार नव्हता. हेर लिंडनरांशी हस्तांदोलन केलं ते त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत. काकूंनी डाव्या हाताने त्याला वाढलं. त्याने एक घास घेतला आणि थांबला. दुसरा घास घेतला. मग काटा खाली ठेवून, उठून कोट काढला, खुर्चीच्या पाठीला लावला आणि परत बसून जेवायला लागला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. पावाच्या तुकड्याने ताट पुसलं. मग पावाची टोपली उचलून हेर लिंडनरांपुढे धरली. हेर लिंडनरांनी एक काप घेतली. काकूंनी हातरुमाल तोंडाशी धरला होता.

तो बहिणीला त्यांच्या भाषेत काही म्हणाला. त्या म्हणाल्या, मी नाही केलं, माझा हात बघ, याने केलंय. भाऊ उठून टेबलाला वळसा घालून बापटपाशी गेला आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. मग त्याच्या ताटातले बटाटे बघून मोडक्या जर्मनमध्ये विचारलं की तू स्वतः का खात नाहीस.

बापट म्हणाला, "आज मी चाखलंय. तेवढं पुरे."

भाऊ हसला. त्याला त्यात विशेष काही वाटायचं कारण नव्हतं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी बापटकडे बघितलं, मग सावकाश माझ्याकडे. चाखणारा कोण होता हे त्यांना माहीत होतं. मी टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे बघत बसलो, आणि ती डबीसुद्धा मीच मांडलेली होती.

त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. बापटने तर नाहीच. तो पूर्वीसारखाच माझ्याशी बोलायचा, मला चहा द्यायचा, माझ्या प्रबंधातली आकडेमोड तपासून द्यायचा. त्या उन्हाळ्यात काकू आणि हेर लिंडनर गेंटला जाऊन आईच्या थडग्यावर फुलं वाहून आले. रविवारचा रस्सा काकूंचा हात बरा झाल्यावर पुन्हा त्यांच्याकडे गेला. 'माइन युंगे' मात्र त्यानंतर मी ऐकलं नाही. मी 'हेर मधुकर' झालो, आणि आवाजात कुठेही राग नव्हता.

मला वाटलं, काळाच्या ओघात विरेल सगळं. मग चतुर्थी आली. बापटने सुपारी मांडली, खोबरं आणलं, आणि माझ्या दारावर टकटक केलं. म्हणाला, "या वर्षी नैवेद्य तू कर."

मी म्हटलं, मला चहासुद्धा धड येत नाही, शिवाय मी गोमांस खाणारा. तो म्हणाला, मी सांगतो की, तू कर. मी विचारलं, तू का नाही? तो खिडकीशी उभा राहून पडक्या घराच्या पांढऱ्या फरशांकडे बघत होता. मी बाह्या सारून चुलीपाशी गेलो.

मी तीन तास खपलो. तो चुलीपासून दोन हात लांब खुर्चीवर बसून सांगत होता, पीठ घट्ट मळ, तेल तापलं का बघ, आता सोड. कशालाही हात लावला नाही. माझे मोदक तेलात फुटले, वरणाला गुठळ्या झाल्या. मिठाची वेळ आली तेव्हा मी बरणी धरून त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "ऐक." मी पातेल्याला कान लावला. मला काही ऐकू आलं नाही. मी अंदाजाने चिमूट टाकली. दीड वर्ष मला त्याची जागा हवी होती, आणि ती अशी मिळाली. देवापुढे पान मी ठेवलं. तो दारात उभा राहून हात जोडून बघत होता, आत आला नाही.

साठ सालच्या वसंतात माझी पदवी झाली आणि मी परत निघालो. काकूंनी दारातच माझा हात हातात घेऊन, प्रवास सुखाचा होवो म्हटलं. बाहेर गार वारा होता. मफलर मी माझा मीच गुंडाळला. स्टेशनवर बापट एकटा आला. माझी ट्रंक त्याने चढवली. बासलमार्गे जेनोवा आणि तिथून बोट, असा प्रवास होता. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना त्याने खिडकीतून एक डबा आत दिला, फडक्यात बांधलेला. पोळ्या आणि बटाट्याची भाजी. फडक्याच्या गाठीत एक कागदाची लहानशी पुडी खोचलेली होती.

मी पुडीकडे बघितलं. तो म्हणाला, "भाजी अळणी आहे. मीठ वेगळं दिलंय, तुझं तू घाल. तुझ्या हाताचं माप मला ठाऊक आहे."

एवढ्या दिवसांत त्या रविवारबद्दल तो बोलला ते एवढंच. आवाज नेहमीचाच होता. मला काहीतरी म्हणायचं होतं, चौदा महिने म्हणायचं होतं, पण शिट्टी झाली आणि गाडी हलली. तो गाडीबरोबर चार पावलं चालला, मग थांबला, आणि मान थोडी तिरकी करून उभा राहिला. पुढे तो अमेरिकेत गेल्याचं कळलं. पत्रं मीच लिहिली नाहीत. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर बापट आहे तो तसाच, फलाटावर, कान देऊन उभा असलेला.

बासल ओलांडल्यावर मी डबा उघडला. पुडी तशीच खिशात ठेवली, आणि भाजी शेवटच्या फोडीपर्यंत अळणीच खाल्ली.